तक्त्यातला रविवार

औंढ्याच्या रस्त्यावर परवा सकाळी ट्रॅक्टर आडवा आला. मागच्या ट्रॉलीत भाताचे भारे असे उंच रचलेले, की वरचे दोन आता पडतात की मग पडतात असं वाटावं. मी स्कूटर कडेला घेतली आणि ट्रॉली निघून जाईपर्यंत पेंढ्याची धूळ खात उभी राहिले. म्हणजे कापणी सुरू झाली. दरवर्षी होते, तशी यंदाही झाली. या दिवसांत मावळात ज्याला त्याला नव्या तांदळाचे वेध लागतात, शहरातून आलेल्या पाहुण्यांना पिवळ्या खाचरांचे फोटो काढायचे असतात. माझं मात्र ताज्या पेंढ्याचा हा वास नाकात गेला की डोकं फिरतं. गेली दोन वर्षं फिरतंय. सुरुवातीला वाटलं, सर्दीचा त्रास असेल. सर्दी वगैरे काही नाही, राग आहे तो.

मी लोकांकडून व्यायाम करून घेते. माहेर कामशेतचं, सासर लोणावळ्याचं. मधल्या काळात पुण्याला जाऊन रीतसर शिकले, भिंतीवर दोन प्रमाणपत्रं लावली आणि सोळा वर्षं याच धंद्यावर घर चालवते आहे. आजारी माणसं माझ्याकडे येत नाहीत, ती डॉक्टरकडे जातात. माझ्याकडे येतात ती धडधाकट. धडधाकट माणसाला व्यायाम सांगण्यात काय अवघड आहे, असं ज्याला वाटतं त्याने एक आठवडा माझ्या जागी येऊन उभं राहावं. आजारी माणूस निदान घाबरून तरी ऐकतो. धडधाकट माणसाला सगळं आजच हवं असतं.

ट्रॅक्टर गेल्यावर मी पोचले ती एका बंगल्यावर. तिथले साहेब पन्नाशीचे, शनिवार-रविवार लोणावळ्यात असतात. तब्येत उत्तम, रिपोर्ट उत्तम, बूट तर माझ्या महिन्याच्या किराण्याहून महाग. मी त्यांना सहा आठवडे हळूहळू चढवत आणलं आहे आणि सहा आठवडे त्यांची एकच तक्रार आहे, की मजा येत नाही. त्यांना सोमवारी जिना उतरता आला नाही पाहिजे, तरच पैसे वसूल. मी त्यांना समजावते की दुखणं म्हणजे फायदा नव्हे, शरीराला पेलेल एवढंच ओझं द्यायचं आणि मग त्याला सावरायला वेळ द्यायचा, त्या वेळातच ते घट्ट होतं. ते मान डोलावतात आणि विचारतात, उद्या जरा जास्त घ्यायचं का. त्यांच्या गच्चीवरून समोर औंढ्याची खाचरं दिसतात. एका खाचरात चार-पाच बाया ओळीने वाकलेल्या होत्या. साहेब त्यांच्याकडे बघत म्हणाले, या लोकांना जिमची गरजच नाही, काय फिटनेस असतो. मी त्यांना पुढचा व्यायाम सांगितला. मनातलं बोलले असते तर गिऱ्हाईक गेलं असतं.

माझ्याकडे एक फॉर्म आहे. नवीन कोणी आलं की भरून घ्यायचा. आधी काही दुखापत झाली होती का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, घरात कोणाला काही आहे का. शिकताना आम्हाला हा फॉर्म फार मनावर घ्यायला लावला होता. आमच्याकडे तो भरायला दीड मिनिट लागतं, कारण सगळे उभ्या उभ्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहितात. बायकांच्या बॅचमधली एक बाई तर शेजारणीचं बघून ‘नाही’ लिहीत होती. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. इथे माणूस कामाला उभा राहू शकतो म्हणजे तो ठीक आहे, इतका साधा हिशोब आहे. गुडघा दुखतो, पण दुखतो म्हणून कोणी पाणी भरायचं थांबत नाही, मग तो फॉर्ममध्ये कशाला लिहायचा. मी या मातीतली आहे, मला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी त्या कागदावर विसंबले, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता माझ्याकडे भरतीच्या मुलींची बॅच सुरू झाली. पोलीस भरती निघणार, निघणार म्हणत एकदाची निघाली होती आणि मैदानी चाचणी नव्या वर्षाच्या सुरुवातीला होईल असं कळलं होतं. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. भरतीच्या मुलांना पळवणारे मास्तर तालुक्यात पुष्कळ आहेत. शिट्टी वाजवायची आणि मुलं आडवी होईपर्यंत पळवायचं, ही त्यांची पद्धत. दर मोसमात त्यांच्याकडची चार-पाच पोरं लंगडत घरी बसतात आणि उरलेल्यांचे फोटो फ्लेक्सवर लागतात. मला ते दाखवून द्यायचं होतं की एकाही मुलीचं हाड न दुखवता भरती करता येते. म्हणजे मुलींचं भलं तर करायचंच होतं, पण त्यात माझी हौसही होती.

मैदान कामशेतच्या जवळ. अकरा मुली पावणेसहाला यायच्या. लोकलने, स्कूटीवर, भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून. सगळीकडे धुकं, गवत ओलं, पलीकडून मालगाडी जाताना फक्त आवाज यायचा, गाडी दिसायची नाही. पहिला अर्धा तास कोणी बोलत नसे. नुसत्या बुटांच्या घसटण्याचा आवाज आणि तोंडातून निघणारी वाफ. मग ऊन वर आलं की ओढण्या, स्वेटर, कानटोप्या मैदानाच्या कट्ट्यावर जमा होत. सात वाजता कोणीतरी डबा उघडायचं, भाकरीच्या तुकड्याला गूळ लावून अकरा जणींत वाटला जायचा. त्या सकाळी मला फार आवडायच्या. आता आवडत्या आठवणींत त्यांची गणना करावी की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दीपाली औंढ्याची. सत्तावीस संपत आलेलं, वयात बसायचं ते शेवटचं वर्ष. बाकीच्या मुली एकोणीस-वीसच्या, त्या हिला ताई म्हणायच्या. आधी दोनदा प्रयत्न झालेला. एकदा लेखी परीक्षेत थोडक्यात गेली, एकदा वडील वारले त्याच आठवड्यात मैदान होतं. लेखीचा अभ्यास तिचा पाठ झाला होता, राहिलं होतं ते मैदान. दिसायला किडकिडीत, पण पायात दम भलता. मला अशी शिकणारी सोळा वर्षांत दुसरी मिळालेली नाही. सांगितलेलं तंतोतंत करायची. गोळा मानेला कसा टेकवायचा हे एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागायचं नाही. पळून झाल्यावर चालायला सांगितलं तर चालायचीच, बाकीच्या गप्पा मारत बसायच्या.

प्रत्येकीसाठी मी वेगळा तक्ता केला होता. त्याचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात उतरवायचं. जोराच्या पळण्यानंतर दुसऱ्या दिवशी पाय मोकळे, हातांचा व्यायाम. कठीण रस्त्यावर पळणं कमी, मातीवर जास्त. जेवणात काय, झोप किती. आणि रविवारच्या चौकोनात हिरव्या पेनाने विश्रांती. तो हिरवा चौकोन मी मुलींना समजावून सांगितला होता. हाड, स्नायू, सगळं त्या दिवशी भरून येतं, तो दिवस चोरायचा नाही. रविवारी कोणी पळालं असं कळलं तर सोमवारी मैदानात घेणार नाही, अशी धमकीही दिली होती. मुली हसल्या होत्या. दीपालीने तो तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात आरशाशेजारी लावला, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

मी स्वतः रविवारी काय करत होते, तेही सांगायला हवं. लोणावळ्यात रविवारी कोणालाच सुट्टी नसते. चिक्कीची दुकानं, हॉटेलं, पार्किंगची शिट्टी वाजवणारे, सगळ्यांचा आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस तो. माझे बंगले पण रविवारचेच. मुलींच्या तक्त्यात हिरवा चौकोन काढणारी मी, माझ्या आठवड्यात तो चौकोन कधीच नव्हता. तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही, की अकरापैकी एखादीच्याही आठवड्यात तो नसेल.

दिवाळी झाली आणि दीपाली सोमवारी सोमवारी जड दिसू लागली. शनिवारी हरणासारखी पळणारी मुलगी सोमवारी पाय ओढत पळायची. मी विचारलं तर म्हणायची, थंडीने अंग आखडलंय. मग एक दिवस पळून झाल्यावर तिला नडगीवर हात ठेवून उभी राहिलेली पाहिलं. मी बोटाने दाबून बघितलं. एका जागी, नाण्याएवढ्या जागी, ती दचकली. फॉर्ममध्ये ‘नाही’, तोंडावर ‘न्हाई मॅडम, कायबी न्हाई’, आणि नडगीवर ही जागा.

त्यानंतर मी जे जे केलं ते आठवलं की आता हसूही येत नाही. तिचे बूट उलटे करून टाचा बघितल्या. मोबाईलवर तिचं पळणं टिपून घेतलं, पाय आत पडतो का बाहेर पडतो ते दहा वेळा पाहिलं. दूध पिते का विचारलं, पाळी नियमित आहे का विचारलं. पळणं निम्म्यावर आणलं. तरी सोमवारी दुखायचंच. शनिवारी बरं, सोमवारी दुखतं. म्हणजे मैदानावर जे होत होतं त्यात काही चुकत नव्हतं, चुकत होतं ते मधल्या दिवसात, हे एखाद्या पोराच्या लक्षात आलं असतं. मी सोमवारचा व्यायाम बदलत बसले.

शेवटी मी ठरवलं की दोष बुटांचाच. पुण्याहून चांगले जाड तळाचे बूट मागवले. ते आले त्या रविवारी तेव्हाच्या एका बंगल्यावरचे साहेब रात्रीच्या पार्टीनंतर उठलेच नाहीत, माझी सकाळ मोकळी पडली. औंढे दहा मिनिटांवर. म्हटलं, देऊन येऊ, घरातल्या घरात घालून फिरली तर पायाला सवय होईल. मनात आलेलं चित्र असं होतं, की ती ओसरीवर पाय पसरून चालू घडामोडी वाचत बसली असेल.

घराला कडी होती. शेजारच्या बाईने सांगितलं, सगळी खाली खाचरात गेलीत. मी बुटांचं खोकं हातात घेऊन बांधाबांधाने निघाले. लांबूनच झोडणीचा आवाज येत होता, पेंढ्या लाकडावर आपटल्याचा, एकामागून एक, न थांबणारा. खळ्याभोवती पंधरा-वीस माणसं. धूळ इतकी की तोंडं ओळखू येईनात. आणि त्या धुळीतून डोक्यावर भारा घेऊन, बांधाची उंच पायरी उतरत, माझी दीपाली आली. अनवाणी. भारा खळ्यात टाकला, वळली, आणि दुसरा आणायला जवळजवळ पळतच गेली. मी तिथे उभी राहून मोजलं. अर्ध्या तासात तिने तेरा खेपा केल्या. आठवडाभर मी जे तोलून मापून तिच्या पायांवर घालत होते, त्याहून जास्त ओझं ती एका सकाळीत वाहत होती, आणि हे सकाळचे साडेनऊ होते.

तिची आई मला बघून लगबगीने आली, पदराने तोंड पुसत. मी त्यांना मावशी म्हणते. मी विचारलं, मावशी, हे काय, रविवारी हिला आराम सांगितला होता ना मी. बोलण्यात धार आली असणार, कारण मावशी गोंधळल्या.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “तुमी रविवार मोकळा दिला म्हून तर सावडीचा वार आमी रविवार धरला. बाकीचं सा दिस तिला हातबी लावू दिला न्हाई कशाला.”

सावड म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मग चार-पाच घरं एकत्र येतात. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. जेवढी माणसं तुमच्याकडून आली, तेवढी तुमच्याकडे जाणार. पूर्वी सावड कोणत्याही दिवशी धरत. आता घरोघरचे पोरगे तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत जातात, त्यामुळे वार ठरवताना सगळ्यांची सुट्टी बघावी लागते. त्या वर्षी वार ठरवताना मावशींनी आग्रहाने रविवार मागून घेतला होता. कशासाठी, तर मॅडमनी दीपालीला रविवार सोडलाय म्हणून. म्हणजे ज्या दिवशी तिने पडून राहावं म्हणून मी हिरवा चौकोन काढला, नेमका तोच दिवस तिच्या घराने सगळ्या गावासमोर तिच्या नावाने कामाला लावला. आधी तिचं काम आठवडाभर थोडं थोडं होत होतं. मी ते गोळा करून एका दिवसावर आणून ठेवलं. पहिले दोन रविवार त्यांच्या स्वतःच्या खाचरात गेले, आता पुढचे परतफेडीचे होते. मी उभी होते ते शेत त्यांचं नव्हतंच.

दीपाली भारा टाकून माझ्याजवळ आली. केसांत, पापण्यांवर, मानेवर भुसा. मी तिला तिथेच विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. ती खरोखरच बुचकळ्यात पडली. एकाही रविवारी पळाली नाही, असं तिने मला सांगितलं. शपथेवर सांगायची तयारी होती तिची.

“काम काय व्यायामात धरतात का, मॅडम?” ती म्हणाली.

दोन प्रमाणपत्रं मिळवली, त्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिथे जी उदाहरणं होती ती माणसं दिवसभर खुर्चीत बसणारी होती. त्यांना हलवायचं कसं, हे आम्ही शिकलो. जी माणसं दिवसभर वाकलेली असतात त्यांना थांबवायचं कसं, ते शिकवलंच नाही. आणि मी, कामशेतची मुलगी, जिने लहानपणी मामाच्या खळ्यावर पेंढ्या उचलून दिल्या होत्या, ती मीसुद्धा ते शहाण्या लोकांचं पुस्तक डोळे मिटून इथे उघडून बसले.

मी मावशींना बाजूला घेऊन म्हटलं, पुढच्या दोन रविवारी हिला सोडा, पाय जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या खाचरात चार घरं वाकली होती, आता आमची पोर दुखतं म्हणून घरी बसवली तर पुढल्या साली आमच्या बांधावर कोण येईल. यात लबाडी नव्हती, हट्ट नव्हता. घरात नवरा नाही, मुलगा कंपनीत, दोन खाचरं आणि दोन बायका. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही, आणि म्हणून जास्तच चिडले. शेवटी असं ठरलं की दीपालीच्या जागी मावशीच दोन माणसांचं करतील. त्यांनी केलंही. पंचावन्न वर्षांची बाई. त्यांचा फॉर्म मी भरून घेतलेला नव्हता, घेतला असता तर त्यांनीही सगळीकडे ‘नाही’ लिहिलं असतं.

पण तोवर उशीर झाला होता. तळेगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला अगदी केसाएवढी रेघ होती. सहा आठवडे पळायचं नाही, नाहीतर हाड पूर्ण मोडेल, असं त्यांनी सांगितलं. दीपालीने पिशवीतून मोबाईल काढून तिच्या मैदानाची तारीख दाखवली. पाच आठवड्यांवर होती. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

ते पाच आठवडे मी आयुष्यात कधी विसरणार नाही. मी तिला सायकल दिली, बसल्या जागचा व्यायाम दिला, गोळा फेकताना पायावर जोर येणार नाही अशी उभी राहायची पद्धत बसवून दिली. ती सगळं करायची. मैदानावर यायची, बाकीच्या पळताना कट्ट्यावर बसून पोटाचे व्यायाम करायची. आम्ही दोघीही आठशे मीटरबद्दल बोलत नव्हतो. एका मास्तराने तिला निरोप पाठवला होता, की चाचणीच्या दिवशी सकाळी एक इंजेक्शन घेतलं की तीन-साडेतीन मिनिटं काही कळत नाही, नंतरचं नंतर. तिने तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला. लपवला नाही. सहा दिवस उरले असताना ती कट्ट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली.

“तुम्ही म्हणाल तसं करते,” ती म्हणाली. “पळू का नको, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, नको.

त्या वेळी मला ते उत्तर बरोबर वाटलं आणि आजही बरोबरच वाटतं. मोडलेल्या नडगीची मुलगी ना पोलिसात जाते ना शेतात. तरी ते बोलताना मला दुसरीही एक गोष्ट आठवत होती, की माझ्या बॅचमध्ये एकाही मुलीचं हाड मोडलेलं नाही. ही गोष्ट त्या उत्तरात किती होती, ते मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे. निम्मी नसेल. अजिबात नव्हती, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

चाचणीच्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. येऊ नको म्हटलं तरी आली. दहा मुली आत गेल्या आणि दीपाली फाटकाबाहेर त्यांच्या दहा बॅगा, चपला आणि मोबाईल सांभाळत उभी राहिली. एकेक जण बाहेर यायची, हमसून रडायची किंवा नाचायची, आणि प्रत्येकीला आधी दीपालीच पाणी द्यायची. पुढे दोघींची निवड झाली. आता माझाही फ्लेक्स लागू शकत होता. बॅचमधल्या एका मुलीच्या वडिलांनी तर डिझाइनही करून आणलं होतं. मी ते छापू दिलं नाही आणि का नाही, ते त्यांना धड सांगताही आलं नाही.

त्यानंतर मी फॉर्म बदलला. आता दुखतं का हा प्रश्न मी शेवटी विचारते. पहिला प्रश्न आहे, कालचा दिवस सकाळपासून सांगा. दुसरा, रविवार सांगा. बंगल्यातले साहेब सांगतात, उशिरा उठतो, नाश्ता, थोडी झोप. आमच्या बायकांच्या बॅचला विचारलं तर पहिल्या दिवशी कोणी बोलेना, मग बोलायला लागल्या त्या थांबेनात. पाणी, धुणं, हॉटेलातली भांडी, गोठा, सासूबाईंना उचलून बसवणं, बाजारातून पिशव्या. एकीने तिच्या रविवारची यादी सांगता सांगता स्वतःच विचारलं, मग मी इथे कशाला येते. मी तिला पहिला महिनाभर फक्त मोकळा श्वास, पाठीचे ताण आणि पडून राहणं दिलं. ती बरी आहे. म्हणजे मी सुधारले. सुधारले, पण कोणाच्या जिवावर, ते मला माहीत आहे. त्यामुळे कोणी फॉर्मचं कौतुक केलं की मला ते सहन होत नाही.

परवाचा तो ट्रॅक्टर गेल्यावर मात्र मी ठरवलं की यंदा तोंड चुकवायचं नाही. काल रविवार होता. साहेबांना माझं पोट बिघडल्याचं कळवलं आणि औंढ्याला गेले. दोन वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. दीपाली आता तळेगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते, बसून काम आहे, असं कोणाकडून तरी कळलं होतं. ती बांधावर एकटीच होती, भारे बांधत. अंगाने थोडी भरली आहे, भरतीचं वय केव्हाच उलटलं आहे. मला बघून विळा खाली ठेवला आणि हसली, मनापासून हसली. मावशी बऱ्या आहेत, भाऊ बरा आहे, यंदा पीक बरं आहे. मग मीच विचारलं, पाय कसा आहे.

तिने उजवा पाय पुढे केला. नडगीवर स्वतःच अंगठ्याने जोरात दाबून दाखवलं, त्याच जागी.

“पाय एकदम बरा हाय, मॅडम. एवढं काम करते, कायबी दुखत न्हाई,” ती म्हणाली. “आता ह्या पायाचं काय करू, ते सांगा.”

तिने ते चिडून विचारलं नव्हतं. तोच तर त्रास आहे, की ती चिडली नव्हती. पळू का नको विचारताना तिचा जसा आवाज होता, तसाच होता, मी सांगेन आणि ती करेल अशा खात्रीचा. मग तिने आपणच विषय सोडून दिला आणि भाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, जरा हात लावा, आई यायला वेळ आहे.

मी दोन्ही हातांनी भारा उचलायला लागले. ती पाय खांद्याएवढे रुंद करून, गुडघ्यांत वाकून खाली बसली, पाठ ताठ, नजर समोर. भारा डोक्यावर आला तशी श्वास सोडत उठली. माझ्याकडे शिकलेली दुसरी एकही मुलगी इतकं बरोबर उठत नाही. आणि तशीच न डगमगता ती बांधावरून खळ्याकडे चालत गेली.